गोवा पावडरपासून जैविक औषधांपर्यंत : सोरायसिसच्या उपचारांचा इतिहास



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत त्वचेच्या एका रोगाचा इतिहास सांगायला कोणी उभे राहिले, म्हणजे हा विषय इथे कसा, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. माझ्यापाशी त्याची दोन उत्तरे आहेत. एक, या रोगाचे बरेचसे दुःख शब्दांनी निर्माण केलेले आहे, आणि शब्दांचा विचार साहित्यसंस्थेने करायचा नाही तर कोणी करायचा? दुसरे, आधुनिक वैद्यकात या रोगावर गाजलेल्या एका औषधाला आपल्या गोव्याचे नाव होते. लंडनच्या दवाखान्यांत ते ‘गोवा पावडर’ म्हणून ओळखले जाई. ज्या भूमीचे नाव त्या बाटलीवर होते, त्या भूमीतल्या माणसांना ती हकीकत माहीत असावी.

मी वैद्य नाही. इतिहासाचा अभ्यासक आहे. त्यामुळे कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र गेल्या दीडशे वर्षांकडे पाहिले की एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. दर पिढीला एक नवे औषध आले. त्याने चट्टे गेले. आता रोग गेलाच असे लोकांना वाटले. मग काही वर्षांनी त्या औषधाची हद्द कळली. आजची जैविक औषधे, म्हणजे इंजेक्शनने दिली जाणारी प्रतिपिंडांची औषधे, या मालिकेतली सर्वांत समर्थ आहेत यात वाद नाही. त्यांची हद्द कुठे आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

नावाचा घोळ

सोरायसिसमध्ये त्वचेवर लालसर, जाड चट्टे उठतात आणि त्यांवर रुपेरी खपल्या धरतात. कोपर, गुडघे, डोके, कंबर या त्याच्या आवडत्या जागा. निरोगी त्वचेची वरची पेशी तळापासून निघून गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. म्हणून पापुद्र्यावर पापुद्रा साचतो. हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, एका टॉवेलने होत नाही. जगात शंभरांतल्या दोन-तीन माणसांना तो असतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

चरकाने अठरा प्रकारची कुष्ठे सांगितली : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांतल्या एककुष्ठ आणि किटिभ या प्रकारांची वर्णने आजच्या सोरायसिसशी जुळतात, असे अनेक वैद्य मानतात. चरकाच्या लेखी ‘कुष्ठ’ ही त्वचारोगांची मोठी वर्गवारी होती. पुढे बोलीभाषांत हा शब्द आकसत गेला आणि मराठीत कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला. अर्थ आकसला तरी भीती आकसली नाही. खपल्या पडणाऱ्या कोणत्याही अंगाला ती चिकटली.

युरोपातही नेमके हेच घडले. ग्रीक वैद्य ‘लेप्रा’ हा शब्द खपल्या पडणाऱ्या रोगांसाठी वापरीत. हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर करताना, ज्या अशुद्धतेमुळे माणसाला वस्तीबाहेर काढावे असे सांगितले होते, तिच्यासाठी भाषांतरकारांनी हाच शब्द योजला. एका भाषांतराने कोपरावरच्या खपलीला वाळीत टाकण्याचे कारण बनवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांची शिस्तवार मांडणी केली आणि या रोगाचे बारकाईने वर्णन केले. पण त्याच्या एका प्रकाराला त्यांनी ‘लेप्रा’ हेच नाव ठेवले. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हा शब्द सोरायसिसपासून कायमचा तोडला. महारोगाचा जंतू हान्सेन यांना सापडला तो १८७३ मध्ये. म्हणजे दोन रोग शास्त्राने वेगळे केले त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या घरांत मात्र ते अजून पुरते वेगळे झालेले नाहीत. लग्न ठरेपर्यंत मुलीच्या पूर्ण बाह्यांचे पोलके उतरत नाही, न्हावी खुर्चीवर बसवायला कां-कूं करतो, मंगलकार्यात पंगतीत शेजारची जागा रिकामी राहते. हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

नाव गोव्याचे, माल ब्राझीलचा

पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला आणि तो इतका आपला झाला की आज गोव्याची ओळखच काजूने सांगतात. त्याच समुद्रमार्गाने एक पिवळसर भुकटी आली. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचा मोठा वृक्ष आहे. त्याच्या खोडाच्या भेगांत ही भुकटी साठते. झाड तोडून, ओंडके फोडून ती खरवडून काढावी लागे. काढणाऱ्याच्या डोळ्यांची आग होई. ताजी असताना पिवळी, उघडी ठेवली की काळपट जांभळी. गोव्यातून ती मुंबईकडे आणि पूर्वेकडे विकली जाऊ लागली. गजकर्णावर तिचा गुण मोठा होता. ती कुठून येते हे विकणारे सांगत नसत, म्हणून घेणाऱ्यांनी तिला विकणाऱ्यांच्या गावाचे नाव दिले : गोवा पावडर.

१८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे इंग्लंडच्या औषधशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. १८७४ मध्ये कलकत्त्याचे डॉक्टर जोसेफ फेअरर यांनी गजकर्णावरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. ते वाचून बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी कळवले, की ही तर आमच्याकडची अरारोबा. गोव्याचे गुपित अशा रीतीने ब्राझीलमध्ये उघड झाले.

यानंतर दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी दाखवून दिले, की गजकर्णावरची ही भुकटी सोरायसिसचे चट्टेही घालवते. गजकर्ण बुरशीमुळे होते, सोरायसिसचा बुरशीशी संबंध नाही; तरी औषध लागू पडले. कारण कळण्याआधी गुण कळला. या रोगाच्या इतिहासात असे अनेकदा झाले आहे.

पण चट्ट्यांबरोबर भोवतालची कातडी भाजत असे. कपडे, चादरी, केस जांभळट तपकिरी होत. डोळ्यांत गेली तर मोठी इजा. आणि लावणे थांबवले की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चट्टे परत. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीला मिळेना, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातल्या द्रव्याला जवळचे कृत्रिम द्रव्य बनवले. १९१६ मध्ये ते वापरात आले. आज त्याला डिथ्रॅनॉल म्हणतात. शंभर वर्षांनंतरही ते औषधांच्या यादीत आहे, आणि चादरीही अजून डागाळते.

त्याच काळात पोटात घ्यायचे औषध होते सोमल, म्हणजे आर्सेनिक. फाउलर यांचे सोमलाचे द्रावण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध होते आणि सोरायसिसवर ते वर्षानुवर्षे थेंब मोजून दिले जाई. चट्टे कमी होत. १८८७-८८ च्या सुमारास लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी निदर्शनास आणले, की दीर्घकाळ सोमल घेतलेल्या काही सोरायसिसच्या रुग्णांच्या तळहातांवर घट्टे येतात आणि पुढे त्वचेचा कर्करोग होतो. दीर्घकाळ घ्यायच्या औषधाची खरी किंमत दीर्घकाळानंतरच कळते, हा धडा तेव्हा मिळाला. तो पुढे पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

ऊन, डांबर आणि बावची

उन्हाळ्यात चट्टे कमी होतात, थंडीत वाढतात, हे रुग्णांना नेहमीच ठाऊक होते. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर गेकरमन यांनी कोळशाचे डांबर अंगाला लावून वर अतिनील किरण देण्याची पद्धत बसवली. रुग्ण काही आठवडे रुग्णालयात राही, डांबराने माखलेला. आणि पुष्कळदा स्वच्छ त्वचेने घरी जाई.

या प्रकाशोपचाराचा एक धागा आपल्याकडचा आहे. बावचीचे बी कोडावर लावून उन्हात बसायचे, ही आपली जुनी चिकित्सा. १९३३ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून एक द्रव्य वेगळे केले. बावचीच्या लॅटिन नावावरून त्याला सोरालेन म्हणतात. त्याच कुळातले द्रव्य गोळीच्या रूपात देऊन नंतर दीर्घ लहरींचे अतिनील किरण देण्याची पद्धत १९७४ मध्ये हार्वर्डच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या चार लेखकांत मधू पाठक हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. परिणाम असे होते की वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली.

अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाईक यांना लहानपणापासून सोरायसिस होता. त्यांनी हा उपचार घेतला आणि आपल्या आत्मपर लेखनात त्याविषयी मोकळेपणाने लिहिले. आपण लेखकाचा एकान्ताचा व्यवसाय निवडला तो या त्वचेमुळे, समुद्राकाठच्या गावी राहायला गेलो तो उन्हासाठी, असे ते सांगतात. एका रोगाने माणसाचा व्यवसाय आणि गाव ठरवावे, याहून त्याच्या वजनाचा मोठा पुरावा कोणता?

पण १९७९ मध्येच या उपचारातल्या तेराशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीतून पहिला इशारा आला : काही जणांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले होते. उपचार बंद पडला नाही. त्याला मात्रेची सीमा पडली. पुढे अरुंद पट्ट्यातल्या किरणांचा, सोरालेनशिवायचा, अधिक सौम्य उपचार आला आणि तो आजही चांगला मानला जातो.

मुंबईच्या गिरण्यांपासून

आता मुंबईकडे येऊ. १९२८ च्या सुमारास ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली. गिरणी कामगारवस्तीतल्या गरीब गरोदर बायकांत एक भयंकर पांडुरोग दिसत होता. त्याचे कारण आहारातली उणीव असावे असे तिने ओळखले. यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बायका सुधारतात, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक म्हणजे पुढचे फोलिक आम्ल.

अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने १९४५ च्या सुमारास हे आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. मग त्यांच्याच चमूने फोलिक आम्लाला अडवणारी द्रव्ये तयार केली. त्यांतले एक, अमिनोप्टेरिन, सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर वापरले. १९५१ मध्ये गब्नर आणि सहकाऱ्यांना दिसले, की याच औषधाने सोरायसिसचे चट्टे जातात. त्याचे अधिक सुरक्षित भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते १९५८ पासून सोरायसिसवर वापरले जाऊ लागले. आठवड्यातून एकदाच घ्यायचे हे स्वस्त औषध आजही भारतात असंख्य रुग्णांना आधार आहे. त्याची हद्द यकृताशी आणि रक्तपेशींशी आहे, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. गर्भारपणात ते पूर्ण वर्ज्य.

रोगाचे घर बदलले

इथपर्यंत सगळे असे धरून चालले होते, की सोरायसिस हा कातडीच्या पेशींचा रोग आहे : त्या फार वेगाने वाढतात, त्यांना आवरले पाहिजे. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सायक्लोस्पोरिन हे अवयवरोपणाचे औषध सांधेदुखीसह सोरायसिस असलेल्या मोजक्या रुग्णांना दिले गेले. ते प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाबते. सांध्यांसाठी दिलेल्या औषधाने कातडी झपाट्याने स्वच्छ झाली. तेव्हा उलगडले, की कातडी ही रणभूमी आहे. सैन्य दुसरीकडचे आहे. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी चुकीचा संदेश देत राहतात आणि कातडी त्या संदेशाला उत्तर देते. सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडांना जड जाते, रक्तदाब वाढवते. म्हणून ते फार काळ देता येत नाही. पण त्याने प्रश्नच बदलला. साऱ्या सैन्याला न दाबता नेमका तो संदेशच अडवता येईल का?

जैविक औषधे

याचे साधन तयार होते. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी, एकसारखी प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली. अशी औषधे जिवंत पेशींत घडवावी लागतात म्हणून त्यांना जैविक म्हणतात. ती प्रथिने असल्याने पोटात पचून जातात, म्हणून इंजेक्शन. ती शीतपेटीत दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. जिथे वीज भरवशाची नाही तिथे हीसुद्धा लहान अडचण नाही.

सोरायसिससाठी अमेरिकेत पहिले जैविक औषध मंजूर झाले २००३ मध्ये. त्यानंतर टीएनएफ नावाच्या दाहकारी संदेशाला अडवणारी औषधे आली : इटॅनरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, ॲडॅलिम्युमॅब. २००९ मध्ये उस्टेकिनुमॅब आले. त्याची कथा मजेची आहे. ते इंटरल्युकिन-१२ ला अडवण्याच्या हेतूने घडवले जात होते. २००० मध्ये कळले, की त्या रेणूचा एक भाग इंटरल्युकिन-२३ मध्येही असतो, आणि सोरायसिसमध्ये मुख्य हात या दुसऱ्याचा आहे. अर्धवट चुकीच्या तर्कातून बरोबर औषध हाती लागले. गोवा पावडरीचीच परंपरा. २०१५ पासून इंटरल्युकिन-१७ ला अडवणारी आणि २०१७ पासून केवळ इंटरल्युकिन-२३ ला अडवणारी औषधे आली.

परिणाम किती? आकडे पाहू. २००३ च्या चाचणीत इटॅनरसेप्टच्या मोठ्या मात्रेने बारा आठवड्यांत ४९ टक्के रुग्णांचा रोग तीनचतुर्थांश किंवा अधिक कमी झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेक्युकिनुमॅबने हेच प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांवर नेले. दहा वर्षांत एवढी झेप दुसऱ्या फार थोड्या रोगांत दिसते. ज्याने वीस वर्षे अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला नाही त्याने तो घालावा, ही गोष्ट आकड्यांत मावत नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना हे विसरू नये.

हद्द कुठे पडते

पहिली हद्द : हे बरे होणे नव्हे. औषध थांबवले की बहुतेकांचे चट्टे काही महिन्यांत परततात, आणि पुष्कळदा पूर्वीच्याच जागी. याचे एक कारण आता कळले आहे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत काही टी-पेशी ठाण मांडून राहतात. त्यांना जुन्या लढाईची आठवण असते. औषध संदेश अडवते. आठवण पुसत नाही. २०१४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव केला. त्यात हा रोग दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक आणि कायमचा इलाज नसलेला आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. तोवर जैविक औषधे बाजारात येऊन अकरा वर्षे झाली होती.

दुसरी हद्द : ते सर्वांना सारखे लागू पडत नाही, आणि लागू पडलेले टिकेलच असे नाही. ८२ टक्के म्हणजे अठरा जण बाहेर राहिले. शिवाय आपले शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवू शकते. मग औषध हळूहळू निकामी होते. इन्फ्लिक्सिमॅबबाबत हे विशेष दिसते. त्यावर उपाय म्हणून कधी कधी सोबत मेथोट्रेक्सेट थोडे देतात. महागड्या नव्या औषधाला जुन्या स्वस्त औषधाचा टेकू लागतो, तो असा.

तिसरी हद्द मोजमापाची. चाचण्यांत रोग मोजतात तो १९७८ मध्ये बसवलेल्या एका गुणांकाने : किती अंग व्यापले, लाली किती, जाडी किती, खपल्या किती. त्यात नखांना जागा नाही. तळहात म्हणजे अंगाचा अगदी थोडा भाग, पण भेगाळलेल्या तळहातांनी सुतार रंधा कसा मारणार, बाई भाकरी कशी थापणार? गुणांक लहान, हाल मोठे. उलट, चाचणीत ‘यशस्वी’ ठरलेल्या माणसाच्या गुडघ्यावर एक चट्टा उरलेला असू शकतो.

चौथी हद्द आपल्या देशासाठी सर्वांत महत्त्वाची : क्षयरोग. टीएनएफ हा संदेश केवळ दाहासाठी नसतो. शरीरात सुप्त बसलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचा जो वेढा असतो, तो त्याच्याच जोरावर टिकतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांच्या क्षयरोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतले ६४ रुग्ण क्षयरोग कमी असलेल्या देशांतले होते, आणि ४० जणांना क्षय फुप्फुसांबाहेर झालेला होता, म्हणजे ओळखायला कठीण. तिथे असे, तर आपल्याकडे काय? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. म्हणून औषधापूर्वी छातीचा फोटो आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात, आणि गरज असल्यास क्षयाचे प्रतिबंधक औषध देतात. ही तपासणी म्हणजे कागदी सोपस्कार नव्हे. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता, ही गोष्ट लाजेपोटी डॉक्टरांपासून लपवण्याची आपली जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते. इंटरल्युकिन-१७ आणि २३ च्या नव्या औषधांत हा धोका कमी दिसतो. तपासणी तरीही करतात.

पाचवी हद्द काळाची. एफालिझुमॅब हे औषध २००३ मध्ये आले. काही वर्षांनी, ते तीन वर्षांहून अधिक काळ सलग घेतलेल्या मोजक्या रुग्णांत मेंदूचा एक दुर्मीळ, प्राणघातक संसर्ग आढळला. २००९ मध्ये औषध मागे घेतले गेले. ज्या चाचण्यांवर औषध मंजूर होते त्या बहुधा काही आठवड्यांच्या किंवा एखाद्या वर्षाच्या असतात. रुग्ण मात्र ते दशकानुदशके घेणार असतो. हचिन्सन यांनी सोमलाबद्दल जे पाहिले, त्याचीच ही आवृत्ती. आणखी एक विपरीत गोष्ट : टीएनएफ अडवणारी औषधे सांधे वा आतड्यांच्या रोगासाठी घेणाऱ्या काही जणांना, ज्यांना कधी सोरायसिस नव्हता, त्यांना तो उद्भवतो. एक संदेश दाबला की दुसरा डोके वर काढतो.

सहावी हद्द खिशाची. याबाबत भारताचे काम अभिमानाने सांगण्यासारखे आहे. बंगळुरूच्या बायोकॉनने इटोलिझुमॅब हे वेगळ्या लक्ष्यावरचे औषध २०१३ मध्ये सोरायसिससाठी आणले. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने ॲडॅलिम्युमॅबची जगातली पहिली प्रतिरूप आवृत्ती, मूळ औषधाच्या अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शात, बाजारात आणली. सन फार्माचे टिल्ड्राकिझुमॅब २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. किमती उतरल्या, तरी पगारदार किंवा शेतकरी कुटुंबाला वर्षानुवर्षे झेपतील इतक्या नाहीत. परिणाम असा होतो, की दोन-चार इंजेक्शने होतात, कातडी स्वच्छ होते, पैसे संपतात, औषध थांबते आणि रोग परततो. मग ‘औषधाने काही झाले नाही’ असे म्हणून माणूस जाहिरातीतल्या शर्तिया इलाजाकडे वळतो. तिथल्या पुड्यांत कधी स्टिरॉइड असते, कधी अजूनही तोच जुना सोमल.

इतिहास काय सांगतो

गोवा पावडर, सोमल, डांबर, बावची, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, जैविक औषधे. या प्रत्येकाने चट्टे घालवले. एकानेही रोग घालवला नाही. पण ही अपयशाची यादी नव्हे. दर औषधाने रोगाबद्दल काही शिकवले, आणि दर पुढचे औषध आधीच्यापेक्षा नेमके झाले. शिवाय जुने गेले असेही नाही : डांबर, डिथ्रॅनॉल, किरण, मेथोट्रेक्सेट हे सगळे आजही कामात आहेत, आणि अनेकांना तेवढेच पुरते. नवे म्हणजे सर्वांसाठी, हे समीकरण या इतिहासात कधीच खरे ठरलेले नाही.

फसगत होते ती औषधाला विचारलेल्या प्रश्नाने. ‘हे कायमचे जाईल ना?’ असे घरातली वडीलधारी माणसे विचारतात, कारण त्यांना मुलाचे लग्न दिसत असते. त्या प्रश्नाला होकार देणारा माणूस बहुधा फसवणारा असतो. प्रामाणिक प्रश्न वेगळे आहेत. किती काळ घ्यावे लागेल? थांबवले तर काय होईल? आधी कोणत्या तपासण्या हव्यात? पाच वर्षांचा खर्च झेपेल का, नाहीतर दुसरा मार्ग कोणता? सांधे दुखतात का, साखर आणि रक्तदाब पाहिला का? कारण सोरायसिसच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना सांध्यांचा विकार होतो, आणि मधुमेह व हृदयविकार त्यांच्यात अधिक आढळतात. कातडी स्वच्छ दिसते म्हणून हे तपासायचे राहून जाता कामा नये.

औषधाची एक हद्द अशी आहे, की ती कोणतीही प्रयोगशाळा ओलांडू शकणार नाही. प्रतिपिंड टीएनएफला चिकटते, इंटरल्युकिनला चिकटते. ‘कुष्ठ’ या शब्दाला चिकटत नाही. रोग परत येणार हे माहीत असलेल्या माणसाला सर्वांत जड जाते ती खाज नव्हे. पुन्हा बाह्या खाली ओढण्याची वेळ जड जाते. हेब्रांनी शब्द तोडला १८४१ मध्ये. तो आपल्या बोलण्यात तुटायचा अजून बाकी आहे. ज्या घरात ‘हा सोरायसिस आहे, तो लागत नाही, तो जात-येत राहतो’ एवढे तीन शब्दप्रयोग मुलांसमोर मोकळेपणाने बोलले जातात, त्या घरातला रुग्ण औषध नीट घेतो, क्षयाचा पूर्वेतिहास लपवत नाही आणि भोंदूच्या दारी जात नाही.

तेवढे काम भाषेचे आहे.